मेलेला माणूस पुढच्या भागात परत ड्युटीवर, हा कोण आहे?

रामबागी (इंदूर):
नमस्कार मंडळी. प्रश्न येडचाप वाटेल पण तीन दिवस डोक्यात फिरून राहिलाय म्हणून टाकतोच. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दीड महिना घरीच, आणि पेपर वाचून झाला की ते आईच्या स्वयंपाकात लक्ष घालायला लागतात, त्यामुळे आईनेच मला सांगितलं की ह्यांना काहीतरी लावून दे बाबा. मग जुनी स्टार ट्रेक लावली, अंतराळयानावरची अमेरिकन सिरियल. कॅप्टन कर्क आणि टोकदार कानांचा स्पॉक वाली, १९६६ ते ६९ ची. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायची तेव्हा बाबा आख्ख्या वाड्याबरोबर खाली सतरंजीवर बसून बघायचे, इंग्रजी निम्मं कळायचं नाही पण स्पॉकच्या कानांसाठी बघायचे.

तर झालं काय, बाबांनी एक माणूस पकडलाय. काळे केस, चापूनचोपून भांग, बहुतेक वेळा लाल शर्ट. कधी मागच्या पॅनलसमोर उभा, कधी कॉरिडॉरमधून चाललाय, कधी कर्कबरोबर खाली ग्रहावर. बोलत काहीच नाही. परवा दुसऱ्या सीझनमधला 'ऑब्सेशन' लावला, त्यात तो ढग आहे ना, मधासारखा गोड वास येतो आणि माणसाच्या रक्तातल्या लाल पेशी ओढून घेतो, त्याने सुरुवातीलाच आपल्या भिडूला संपवला. बाबा खरंच हळहळले हो, चहा तसाच ठेवला. आणि त्यानंतरच्या भागात बघतो तर साहेब परत हजर, जणू मधे सिक लीव्हवर होते! बाबा म्हणतात मी चष्मा बदलायला हवा का. हा कोण, आणि मेला होता की नव्हता?

जिरावण_जास्त (इंदूर):
भिया, काकांचा चष्मा एकदम ठीक आहे, बदलू नका. तो लेफ्टनंट लेस्ली. नट एडी पास्की. एकूण भाग ७९, त्यातल्या पन्नासहून जास्त भागांत हा माणूस आहे. इतक्यांदा दिसून बहुतेक वेळा टायटलमध्ये नाव नाही, त्यामुळे लोकांना चेहरा पाठ आणि नाव माहीत नाही. लेस्ली हे नाव पण कसं पडलं तर म्हणे कर्कचं काम करणाऱ्या विल्यम शॅटनरच्या मुलीचं नाव लेस्ली, तेच याला चिकटवलं. मागे उभ्या माणसाला काहीतरी नाव द्यायचं होतं, दिलं.

आणि बोलत काहीच नाही असं नाहीये हां. पहिल्या सीझनमधला 'धिस साइड ऑफ पॅराडाइज' परत लावा. त्यात फुलांमधून बीजकण उडतात, ते अंगावर आले की सगळे खूश, कामधाम सोडून शेती करायला निघतात. जहाजाच्या कॉरिडॉरमध्ये खाली उतरायला लाइन लागलीय आणि कर्क तिथे येऊन दम देतो की परत कामावर जा, हे बंड आहे. तेव्हा शांतपणे वळून, हो साहेब, बंडच आहे, असं म्हणणारा हाच. स्पॉक नाही, डॉक्टर नाही, हा! मला तरी त्या आख्ख्या भागातला सगळ्यात भारी क्षण तोच वाटतो. रोज मुकाट काम करणारा क्लार्क एक दिवस साहेबाला नाही म्हणतो तसा.

दांडियाबझारवाला (बडोदा):
इंदूरकरांनो, मी बडोद्याहून. सिरियलचं मला फार नाही, पण नाटकांना आणि थोडंफार शूटिंगला लाइट लावण्यात माझी पंधरा वर्षं गेलीत म्हणून एक सांगतो. हा पास्की मुळात तिथे अभिनय करायला नव्हताच, तो शॅटनरचा स्टँड-इन होता. आपल्याकडे लोक याला डुप्लिकेट म्हणून मोकळे होतात पण डुप्लिकेट वेगळा, तो घोड्यावरून पडतो. स्टँड-इन नुसता उभा राहतो. हिरोची उंची, केसांचा रंग, साधारण अंगकाठी जुळणारा माणूस हिरोच्या जागेवर तासतासभर उभा करायचा आणि त्याच्यावर लाइट बांधायचे, हिरो तोपर्यंत मेकअपला नाहीतर संवाद पाठ करत. कंटाळवाणं काम आहे पण खूप महत्त्वाचं, नाकाची सावली ओठावर पडते का हे रिकाम्या खुर्चीवर लाइट मारून कळत नाही.

आणि स्टार ट्रेकमध्ये तर लाइटचा खेळ जबरदस्त होता. जेरी फिनरमन म्हणून कॅमेरामन, त्याने लाइटला रंगीत जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावून ते राखाडी भिंतींवर मारले, जांभळी लाल हिरवी भिंत जी दिसते ती रंगवलेली नाही. तुम्ही तो कर्कचा सोनेरी शर्ट बघता ना, कापड हिरवट होतं, लाइट आणि फिल्ममध्ये सोनेरी उतरलं! म्हणजे साठ वर्षं लोक ज्याला सोनेरी म्हणतात तो शर्ट हातात घेतला तर कच्च्या पेरूच्या रंगाचा.

तर मुद्दा, स्टँड-इन रोज सेटवर असतोच, पगार चालूच आहे, मग त्याला एक शर्ट चढवा आणि मागे उभा करा. बाहेरून एक्स्ट्रा आणायला नको. स्पॉकच्या लिओनार्ड निमॉयचा स्टँड-इन फ्रँक दा विंची आणि डॉक्टर झालेल्या डिफॉरेस्ट केलीचा बिल ब्लॅकबर्न, हे पण असेच मागे बटणं दाबत बसलेले दिसतील. आणि गप्प का, तर तिथे तोंडातून संवाद निघाला की एक्स्ट्राचा नट होतो आणि नटाचे पैसे द्यावे लागतात. गप्प बसण्याचा रेटच तो.

रामबागी:
बडोदेकर, हे बाबांना वाचून दाखवलं. पेरूच्या रंगावर विश्वास ठेवायला तयार नाहीत. पण मरण्याचं उत्तर अजून नाही मिळालं.

जिरावण_जास्त:
मेला आणि परत आला, कारण कोणी हिशोब ठेवलाच नाही, एवढंच. त्या वेळी व्हिडिओ नव्हते, आठवड्याला एक भाग, घरात मागे जाऊन पॉज करून कोण बघणार होतं. आणि दुसरं म्हणजे पैसे वाचवायला जुने शॉट परत वापरायचे. जहाज फिरतानाचे तर वापरायचेच, आतल्या मंडळींचे पण. म्हणजे माणूस त्या दिवशी सेटवर नसला तरी पडद्यावर असायचा. तिसऱ्या सीझनमध्ये पास्की काम सोडून गेला. २०२१ मध्ये वारला, खरोखरचा.

अजून एक, काकांना सांगू नका, आधी दाखवा. 'सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर', ज्यात कर्क १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये जाऊन एडिथच्या प्रेमात पडतो आणि शेवटी ती ट्रकखाली जाते. त्या ट्रकच्या स्टिअरिंगवर कोण असेल?

रामबागी:
नाही!!

जिरावण_जास्त:
हाच.

ओब्रायन_फॅनक्लब (इंदूर):
मी नवीन पिढी, मला जुनी सिरीज स्लो वाटते, सॉरी काका. पण मागे उभ्या राहणाऱ्यांचं नशीब कधी फळफळतं पण हे सांगायला आले. १९८७ ला नेक्स्ट जनरेशन, म्हणजे स्टार ट्रेकचीच नवी सिरीज, सुरू झाली, त्याच्या पहिल्याच भागात एक जण जहाज चालवायला बसलाय, नाव नाही काही नाही, नट कोल्म मीनी. मग ट्रान्सपोर्टर रूममध्ये (माणसांना क्षणात जहाजावरून खाली-वर पाठवतात ती खोली) लागला, दुसऱ्या सीझनमध्ये ओब्रायन हे आडनाव मिळालं, माइल्स हे नाव मिळायला १९९० उजाडलं, मधे लग्न झालं, आणि मग डीप स्पेस नाइन या पुढच्या सिरीजमध्ये डायरेक्ट मेन कास्ट! आपल्याकडे टेम्पररीवर लागलेला माणूस एकदम परमनंट व्हावा तसं.

आणि त्याच डीप स्पेस नाइनमध्ये मॉर्न आहे, तो क्रू नाही, बारमधलं गिऱ्हाईक. मोठं सुरकुतलेलं डोकं, सात सीझन त्याच स्टुलावर. सगळे म्हणतात हा बोलायला लागला की थांबत नाही, आणि आपल्याला एक शब्द ऐकू येत नाही, एकदाही! १९९८ ला एका भागात तो मेल्याची बातमी येते तर त्याची जागा गार पडू नये म्हणून बारवाला गर्दीतल्या एका माणसाला त्या स्टुलावर बसवतो, आणि तो बसवलेला माणूस म्हणजे मॉर्नचाच नट मार्क अ‍ॅलन शेफर्ड, मुखवट्याशिवाय. मी तो सीन चार वेळा पाहिला. यात पण मेलेला नंतर जिवंतच निघतो बरं का, सवयच आहे यांना.

सेवानिवृत्त_नाना (इंदूर):
सगळं वाचलं. स्टार ट्रेक मला कळत नाही, पण लेस्ली कळला, कारण मी लेस्लीच होतो. ७४-७५ ची गोष्ट असेल, गणपतीत आमच्या हौशी मंडळाचं ऐतिहासिक नाटक. पात्रं छब्बीस आणि आम्ही अकरा. मी पहिल्या अंकात मोगलांचा शिपाई म्हणून मरायचो, दुसऱ्या अंकात फेटा बांधून महाराजांचा भालदार. मधे वेळ किती तर एक पद, आणि पद म्हणणाऱ्या बाई वन्समोअर मिळाला नाही तर लवकर संपवायच्या, त्यामुळे विंगेत आम्ही तिघं चौघं जीव तोडून टाळ्या वाजवायचो. मोगली दाढी काढायची, त्याचा गम गालाला तसाच चिकटलेला, त्यावरच मिशी दाबायची.

तर एका प्रयोगाला मी भाला धरून ताठ उभा, महाराजांचं भाषण ऐन रंगात, आणि पुढे सतरंजीवर बसलेलं एक पोर मोठ्यांदा म्हणालं, "अगं आजी, हा तर मघाशी मेला!" आख्खा मंडप चिडीचूप. महाराजसुद्धा थांबले. आणि त्या आजी, तितक्याच मोठ्यांदा, "गप रे. तो मेला तो वेगळा. हा त्याचा भाऊ."

मग जे हसू फुटलं ते फुटलं. माझी मिशी अर्धी सुटली पण मी भाला सोडला नाही. आमचे दिग्दर्शक घरी जाईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, जसं काही मीच त्या पोराला शिकवून आणलं होतं. नंतर कित्येक वर्षं राजवाड्यावर कोणी भेटलं की विचारायचं, काय भाऊ, थोरले कसे आहेत?

दांडियाबझारवाला:
नाना 🙏 मोगलाचा भाऊ महाराजांकडे नोकरीला, हे आजींना चाललं?

सेवानिवृत्त_नाना:
चाललं म्हणजे काय, त्या काळी घराघरात असायचंच, एक भाऊ होळकरांकडे, एक इंग्रजांकडे.

रामबागी:
नाना, तुमचं बाबांना दोनदा वाचून दाखवावं लागलं, दुसऱ्यांदा आईसाठी. बाबांनी निकाल दिलाय. लेस्ली मेला, त्यानंतर दिसतो तो धाकटा भाऊ. ट्रक चालवणारा त्यांचा आजोबा असणार, १९३० म्हणजे वर्षं बरोबर बसतात असं म्हणाले. ट्रकवाला सीन मागे घेऊन घेऊन सहा वेळा बघून झालाय, आई वैतागून शेजारी गेली.

आणि आता बडोदेकरांनी सांगितलेला ब्लॅकबर्न सापडलाय. बाबांनी माझी जुनी गणिताची वही मागवून घेतली, उशाशी ठेवलीय, दिसला की एक रेघ मारतात. सकाळपासून नऊ झाल्या. मला हाक मारून राहिलेत, पॉज करायला.