थकवा, शीण की गळाठा? एमएससाठी शब्द हवेत

सिडकोकर: माझ्या ताईला एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, तिच्या सासूबाईंसाठी साध्या मराठीत एक पान लिहितोय. फटिगला थकवा लिहिलं की त्या म्हणतात थकवा तर मलाही येतो, जरा पड म्हणजे बरं वाटेल. पण ताई रात्रभर झोपून उठते तीच गळून गेलेली असते. गळाठा चालेल का? आणि विसरण्याला काय लिहू, एका नातेवाइकांनी सरळ स्मृतिभ्रंश म्हटलं, तेव्हापासून ती कोणाशी धड बोलत नाहीये.

गोदाकाठी: गळाठाच लिही. शीण कामाने येतो आणि विश्रांतीने जातो, हा तसा जात नाही. एमएसमधे आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब करते, मग मेंदूचे निरोप रखडतात, आणि अंग तापलं की आणखीच. विल्हेल्म उथॉफ या डॉक्टरने १८९० सालीच लिहून ठेवलंय की मेहनतीनंतर अशा पेशंटची नजर तात्पुरती अंधुक होते. नाशकात एप्रिल-मेच्या दुपारी तिला भाजीला पाठवू नका, हे त्या पानावर मोठ्या अक्षरात लिही. आळस हा शब्द मात्र घरात कोणी काढायचा नाही, फार लागतो तो.

सातपूरची: मला स्वतःला एमएस आहे म्हणून सांगते, स्मृतिभ्रंश अजिबात नको, लोक लगेच डिमेन्शिया समजतात. आपल्याकडे 'आठवत नाही' आणि 'लक्षात राहत नाही' असं वेगळं म्हणतात ना, एमएसमधे बऱ्याचदा दुसरं खरं असतं. जुनं सगळं आठवतं, पण नवीन गोष्ट मनात ठसायला दोनतीनदा ऐकावी लागते, आणि मागे टीव्ही चालू असेल तर तेही नाही. शब्द ओठांवर येऊन अडतो. मूडसाठी नुसतं उदास लिहू नका, डिप्रेशनच लिहा, कारण एमएसवाल्या जवळजवळ निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी ते होतं, आजाराने मेंदूत झालेले बदलही त्याला कारण असू शकतात आणि त्यावर उपचार आहेत. उदास म्हटलं की घरचे देवळात नेऊन आणतात, डॉक्टरकडे कोणी नेत नाही. गळाठा एकदम वाढला तर बी१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि झोप हेही बघून घ्यायला सांगा, सगळंच एमएसवर ढकलू नका.

सिडकोकर: खूप आभार ताई. मग असं लिहितो, 'तिची बुद्धी शाबूत आहे, फक्त विचार मंदावतो.' बरोबर?

सातपूरची: मंदावतो नको, सासरी मंद एवढंच ऐकू जाईल. 'उत्तर द्यायला तिला थोडा वेळ लागतो, तेवढं थांबा' असं लिहा.