‘८० टक्के समजात’ असं म्हणता येईल का?

एका लेखाचा अनुवाद करतेय. माणसाचं आणि उंदराचं एक जनुक ‘८० टक्के होमोलॉगस’ आहे, असं त्यात म्हटलंय. मी ‘८० टक्के समजात’ केलं, पण वाचताना खटकतंय. पुढे ऑर्थोलॉग आणि पॅरालॉगही आलेत. तिन्हींना ‘समजात’ चालेल?

— खटकतंय ते बरोबरच. समजात म्हणजे एकाच पूर्वजापासून आलेलं. नातं असतं किंवा नसतं. ८० टक्के चुलतभाऊ कधी ऐकलाय? टक्के लागतात ते साम्याला. दोन्ही जनुकांतल्या डीएनएच्या अक्षरांचे क्रम एकाखाली एक मांडून किती अक्षरं जुळतात ते मोजायचं, आणि त्यावरून नात्याचा अंदाज बांधायचा. चूक मूळ लेखकाचीच आहे, तुम्ही ती मराठीत आणू नका.

ऑर्थोलॉग-पॅरालॉग ही उरलेली जोडी उत्क्रांतीचे अभ्यासक वॉल्टर फिच यांनी १९७० मध्ये घडवली. ऑर्थो म्हणजे सरळ, पॅरा म्हणजे शेजारी. एका प्रजातीच्या दोन झाल्या आणि मूळचं जनुक दोघींकडे गेलं, तर ते ऑर्थोलॉग. जनुकाचीच दुसरी प्रत निघून दोन्ही आपापल्या वाटेनं बदलत गेल्या, तर पॅरालॉग. रक्तातल्या हिमोग्लोबिनचे अल्फा आणि बीटा असे भाग बनवणारी जनुकं घ्या. माणसाचं आणि उंदराचं अल्फा-ग्लोबिन हे ऑर्थोलॉग. माणसाचंच अल्फा आणि बीटा हे पॅरालॉग. गंमत पुढेच आहे: माणसाचं अल्फा आणि उंदराचं बीटा हेही पॅरालॉगच! अल्फा-बीटाची फारकत माणूस आणि उंदीर वेगळे होण्याच्या कितीतरी आधीची. ‘पॅरालॉग म्हणजे एकाच प्रजातीतली’ ही व्याख्या सगळीकडे दिसते, पण ती कच्ची आहे.

— ऑर्थोलॉगला ‘समकार्यी’ का नको? काम तर तेच करतात ना?

— बहुतेकदा करतात, पण व्याख्या वंशावळीची आहे, कामाची नाही. १९९५ मध्ये उंदराचं पॅक्स-६ हे डोळा घडवण्यात लागणारं जनुक फळमाशीत भलत्याच जागी चालू केलं, तर तिथे डोळा उगवला. तोही माशीचा, उंदराचा नव्हे. एकाचं काम दुसरं इतकं सहज करतं, तरी ऑर्थोलॉग ठरवायचं ते वंशवृक्ष बघूनच. माशीकडे पॅक्स-६च्या दोन प्रती आहेत. उंदराच्या जनुकाशी दोन्ही ऑर्थोलॉग, आपसांत मात्र पॅरालॉग. ‘समकार्यी’त हे कुठे बसवणार?

— पॅरालॉगला ‘सहजात’?

— त्याचा ‘उपजत’ हा अर्थ आधीच रूढ आहे. घोळ होईल.

— बरं, मग असं करते: ‘ही दोन जनुकं समजात असून त्यांच्या क्रमांत ८० टक्के साम्य आहे.’ ऑर्थोलॉग, पॅरालॉग तसेच ठेवते. पण लिंग? तो ऑर्थोलॉग की ते?

— जनुक ‘ते’, म्हणून ‘ते’. प्रयोगशाळेत मात्र सगळे ‘तो’च म्हणतात.