ताकातली बिस्किटे आणि मक्याचा पाव : पुण्यात कसे साधावे?

प्रश्न : अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात आमच्या शेजारच्या आजी रविवारी सकाळी ताकातली बिस्किटे (तिकडचे मऊ, पदरदार छोटे पाव) आणि मक्याचा पाव करीत असत, त्यांच्या आईकडून आलेली ती कृती कोठेही लिहिलेली नव्हती. पुण्यात ती बिस्किटे तशीच पदरदार होण्यासाठी मैदा आणि ताक कसे असावे?

उत्तर १ : खरी मेख मैद्यात आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत मऊ हिवाळी गव्हाचे, कमी प्रथिनांचे पीठ वापरतात. टेनेसीतील नॉक्सव्हिल येथे १८८३ मध्ये सुरू झालेले ‘व्हाइट लिली’ त्यासाठीच नावाजले गेले. आपल्याकडे कपभर मैद्यातून दोन मोठे चमचे काढून तेवढेच कॉर्नफ्लोअर मिसळावे. लोणी थंडगार घेऊन बोटांच्या टोकांनी असे चोळावे की त्याचे वाटाण्याएवढे तुकडे शिल्लक राहतील, कारण २३० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये त्यांतील पाण्याची वाफ होऊनच पदर सुटतात.

उत्तर २ : आपले पातळ ताक चालणार नाही. आंबट, दाट दही किंचित पाणी घालून घुसळावे. त्यातील आम्लामुळेच सोडा फुलतो. बिस्किटे कापताना साचा सरळ खाली दाबावा, फिरवू नये, अन्यथा कडा मिटून बिस्किटे बसकी राहतात.

उत्तर ३ : मक्याच्या पावासाठी बिडाचा तवा चरबीसह ओव्हनमध्ये कडकडीत तापवावा आणि मिश्रण ओतताच चर्र असा आवाज यावा, खालची खरपूस कड त्यानेच येते. भाकरीसाठीचे मक्याचे पीठ फार बारीक असते, म्हणून त्यात मक्याचा रवा मिसळावा. अनेक दक्षिणी घरांत साखर घालत नाहीत आणि मलाही तेच योग्य वाटते.