हिशेबाची नोकरी सोडून काजू प्रक्रियेत यायचंय, अनुभव शून्य. सुरुवात कुठून करू?

कुडाळवाला_३८:
ठाण्यात चौदा वर्षं अकाउंट्स. आता गावी येऊन रोज १०० किलो बीचा छोटा युनिट टाकायचा विचार आहे. मशीनवाले म्हणतात, पंधरा दिवसांत सगळं शिकाल. कितपत खरं? पहिला पैसा कशात घालू?

बोर्मा_बंदर:
मशीन चालवायला पंधरा दिवस पुरतील. बी ओळखायला एक हंगाम जातो, आणि धंदा बीवरच बसतो. म्हणून मार्च ते मे कुणाच्या तरी युनिटवर राबा. पगार मागू नका, खरेदीच्या काट्यापाशी उभं राहू द्या म्हणा.

तिथे आधी नमुना कापायला शिका. पोत्याच्या वर, मध्ये, खाली हात घालून १ किलो बी काढा. मोजा, प्रत्येक बी उभी चिरा, चांगले गर सालीसकट तोला. २७० ग्रॅमच्या आसपास भरले तर माल बरा. सुकून, सोलून हातात २२० ते २४० ग्रॅम राहतात. सुरकुतलेले, काळे डाग पडलेले गर वेगळे तोला, त्यावर भाव तोडता येतो. गराला नख रुतलं तर बी ओली: आज वजनात दिसणारं पाणी उन्हात उडणार, आणि त्याचे पैसे तुम्ही दिलेले असणार.

देवगड_कटर:
वरच्याला जोडून. खरेदीनंतर दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, बी हलवली की आत वाजली पाहिजे. मग चाळून आकार वेगळे करा. ही पायरी नवखे हमखास गाळतात. वेंगुर्ला-७ या काजूच्या जातीची बी १० ग्रॅमपर्यंत जाते, गावठी त्याच्या निम्मी. दोन्ही एकत्र वाफवली तर मोठी कच्ची राहते, धाकटी जास्त शिजून गर पिवळा पडतो. आणि कटरच्या पात्यांमधली फट एकाच आकाराला लावलेली असते, त्यामुळे मिसळलेल्या मालात तुकडा वाढणारच.

वाफवल्यावर लगेच कापायला बसू नका. बी सावलीत पसरून रात्रभर गार होऊ द्या, तेव्हा टरफल ठिसूळ होतं. गरम बीचं टरफल चिवट, गर आतच चिकटतो. टरफलातलं तेल कातडी जाळतं, त्यामुळे हातमोजे हवेतच. ते नकोत म्हणणाऱ्या बायका हाताला खोबरेल चोळून राख लावतात. हातकटरवर सरावलेली बाई दिवसाला १५-२० किलो बी फोडते, नवखी त्याच्या निम्मीही नाही. १०० किलोला किती माणसं लागतील ते यावरून काढा. गावात कामाला बायका मिळतील का, हे मशीनच्या कोटेशनआधी विचारा.

फोडून काढलेला गर बोर्म्यात, म्हणजे सुकवायच्या गरम कपाटात, ६५ ते ७० अंशांवर सहा ते आठ तास. ट्रे खालीवर करत राहा, नाहीतर खालचे करपतात. बोटांत चोळल्यावर साल सुटली की काढा. पावसाळ्यात सुकवलेला गर उघडा ठेवलात तर तासाभरात नरम पडतो आणि साल पुन्हा धरते.

काटा_वजन:
तुम्ही अकाउंट्सवाले आहात, म्हणून थेट आकडा. दिवसाला १०० किलो, वर्षाला २५० दिवस, म्हणजे २५ टन बी. ती तीन महिन्यांतच विकत घ्यावी लागते. भाव १२० धरला तरी ३० लाख गोदामात. मशीन त्यापुढे किरकोळ! सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे, पण ते भांडवली खर्चावर, बीच्या खरेदीला नाही. शिवाय कर्ज आधी, आणि अनुदान तीन वर्षं बँकेत अडकून राहतं. सध्या अर्ज घेतात का ते जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात विचारा. खेळतं भांडवल वेगळं मागा, ते मिळत नसेल तर २५ टन विसरा, ५ टनांनी सुरू करा.

बी पोत्यात, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. जमिनीला लागलेलं पोतं श्रावणापर्यंत बुरशी धरतं.

कुडाळवाला_३८:
५ टनच धरतो. पण अख्खा गर आणि पाकळी, म्हणजे उभा दुभंगलेला अर्धा गर, यांत इतका फरक पडतो का, की सगळं वजनावरच?

काटा_वजन:
फार पडतो. अख्ख्यात आकारावर भाव: २४० म्हणजे पौंडात २२० ते २४० गर, ३२० म्हणजे ३०० ते ३२०. पाकळी त्याच्या खाली, तुकडा आणखी खाली, कणी मिठाईवाल्याला. रोज संध्याकाळी एकच ओळ लिहा: बी किती, अख्खे किती, पाकळी किती, तुकडा किती. तुकडा दोन दिवस सलग वाढला तर वाफ, पाती आणि बोर्मा याच क्रमाने तपासा. बाईच्या हाताला सगळ्यात शेवटी दोष द्या.

बोर्मा_बंदर:
टरफल फेकू नका हां. तेल काढणारे विकत घेतात. बॉयलरलाही जळतं, पण धूर डोळ्यांना झोंबतो, चिमणी शेजाऱ्याच्या घरापेक्षा उंच ठेवा.