मदत हवी आहे: बरण्या सीलबंद करताना पातेल्याच्या तळाशी काय ठेवावं?

टोमॅटोचा गर काचेच्या बरण्यांत भरून, उकळत्या पाण्यात ठेवून सीलबंद करायला शिकतेय. सध्या फक्त आंबट पदार्थच करणार (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, 4.6 किंवा कमी; आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट). भाज्या-डाळींना प्रेशर कॅनर (वाफेच्या दाबाखाली बरण्या जास्त तापवणारं भांडं) लागतो, तो विषय आत्ता नको. अर्ध्या लिटरच्या बरणीत एक मोठा चमचा बाटलीतला लिंबूरस घालते.

पातेलं खोल आहे, बरण्यांवर अडीच सेंमी पाणी राहतं. झाकणं दर वेळी नवी, काठ पुसते, बरणीत वर सव्वा सेंमी जागा रिकामी सोडते. पहिल्यांदा बरणी थेट तळाशी ठेवली तर बुडाला गोल तडा गेला, सुरीने कापल्यासारखा. फार वाईट वाटलं. मग खाली कापड घातलं, पण उकळी फुटली की ते फुगून वर येतं आणि बरण्या कलंडतात. चारपैकी दोन झाकणं गार झाल्यावरही मधोमध दाबली की टक् वाजतात. त्या दोन फ्रिजमध्ये ठेवल्यात.

बरण्या कलंडल्यामुळेच सील बसलं नसेल का? आणि तळाशी साधी स्टीलची जाळी पुरेल, की बरण्या धरून ठेवणारा खणांचा रॅकच घ्यावा? जागा कमी आहे, एकच वस्तू घेता येईल. स्वतः वापरणाऱ्यांनी कृपया सांगा, तुम्ही काय ठेवता?