होम्स काउंटीत आमिश किती? मुलांना धरून की सोडून?

कोलंबसकर
अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या होम्स काउंटीची (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ४४,२२३ होती. त्यातले निम्म्याच्या आसपास आमिश, म्हणजे जुन्या साध्या राहणीला धरून असलेल्या ख्रिस्ती पंथाचे लोक, असं सगळीकडे वाचायला मिळतं. माझा आक्षेप या ‘निम्म्या’वर आहे.

अमेरिकेचं सरकार जनगणनेत धर्म विचारत नाही. १९७६ च्या कायद्याने त्याची सक्ती करायलाच मनाई केली. काउंटीवार आकडे येतात ते धर्मसंस्थांच्या संख्याशास्त्रज्ञांच्या दर दहा वर्षांच्या मोजणीतून. तिथे सभासद वेगळे आणि अनुयायी वेगळे. अनुयायांत सभासदांची मुलं आणि नेमाने येणारे इतरही धरतात. सगळे सांगतात तो हा मोठा आकडा.

आमिश माणूस सभासद होतो तो साधारण अठरा ते बावीसच्या वयात, आपणहून बाप्तिस्मा घेऊन. बाळाचा बाप्तिस्मा खरा नव्हे, एवढ्यासाठी त्यांच्या पूर्वपंथीयांनी जीव दिले. १५२७ मध्ये झुरिकला फेलिक्स मान्झला नदीत बुडवून मारलं. आणि आपण पाळण्यातल्या पोरालाही आमिश म्हणून मोजतो! मला हे साफ चूक वाटतं.

वसईचा
मी कॅथलिक. आमच्याकडे बाळाचाच स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा होतो आणि धर्मग्रामाच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या वहीत नाव चढतं. पुढे ते पोर चर्चची पायरी न चढो, नाव राहतंच. आता कॅथलिकांची बाळं धरायची आणि आमिशांची सोडायची, तर शेजारच्या दोन चर्चची तुलना होणार कशी? ‘अनुयायी’ हा रकाना त्यासाठीच केलाय.

शेताकडची वाट
कोलंबसकर, तुमचं म्हणणं पुस्तकात ठीक आहे. मी तिथेच, होम्स काउंटीतल्या मिलर्सबर्गजवळ तीन वर्षं काढली. आमिशांची चर्चची इमारत नसते. वीस ते चाळीस कुटुंबांचं एक चर्च, आणि एक रविवार आड कुणाच्या तरी घरी किंवा कोठारात प्रार्थना. आदल्या आठवड्यात बाकांची घोडागाडी त्या घरी येऊन उभी राहते. बाकांना पाठ नसते. त्यावर चार-पाच वर्षांची पोरं मोठ्यांबरोबर तीन तास बसतात, संथ लयीतली जर्मन स्तोत्रं ऐकत. बापाच्या मांडीवर पेंगलेलं पोर मी स्वतः पाहिलंय. त्याला कुठल्या रकान्यात टाकणार, ‘कोणताही धर्म नाही’ मध्ये?

एका घरात सहा-सात मुलं असतात. नुसते सभासद मोजाल तर आठ-नऊ माणसांच्या घरात दोनच उरतील.

कोलंबसकर
पोरांना निधर्मी म्हणा असं मी म्हणत नाही. पण बाप्तिस्म्याआधी घर सोडलेला मुलगा आईच्या हातचं तिच्याच टेबलावर बसून जेवू शकतो. बाप्तिस्मा घेऊन सोडलं, तर बहिष्कार. कडक चर्चांमध्ये त्याचं ताट वेगळ्या टेबलावर मांडतात. एवढा फरक ज्या शपथेने पडतो, ती घेतलेले आणि न घेतलेले एका बेरजेत कसे बसवता?

१९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आमिश पालकांना आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवायची मुभा दिली, तेव्हा न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः वेगळं मत नोंदवलं: मुलांना काय वाटतं तेही ऐकायला हवं. मला तोच मुद्दा इथे लावावासा वाटतो.

वसईचा
पण शेवटी बहुतेक जण बाप्तिस्मा घेतातच ना?

कोलंबसकर
बहुतेक घेतात. जे घेत नाहीत ते या बेरजेत दिसतच नाहीत, हेच तर खुपतं.

शेताकडची वाट
डग्लस यांचं पटतं. पण मुलांचं ऐकायला जायचं तर ती किती आहेत, कुठे आहेत, हे आधी कागदावर हवं. तुमच्या पद्धतीत तीच गळतात.

कोलंबसकर
बरं. मग ‘सभासदांची मुलं’ असा तिसरा रकाना छापा आणि बेरजेवर ‘आमिश’ लिहिणं थांबवा. त्याला माझी हरकत नाही.