कंपन्यांना करसवलत, झळ राज्यांच्या दवाखान्यांना?

हिशेबनीस:
२० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राने इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा मूळ करदर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. नव्या उत्पादक कंपन्यांना तर १५ टक्के. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, हा सरकारचाच अंदाज. आता हे पैसे कोणाचे? कंपनी कराचा राज्यांना वाटा मिळतो, तेव्हा तो ४२ टक्के होता. ढोबळ हिशेबाने साठेक हजार कोटी राज्यांचे गेले. मूळ करावर वरून लागणारे उपकर आणि अधिभार यांत राज्यांना काहीच मिळत नाही, आणि नेमका कापला गेला तो मूळ दर!

दवाखाने आणि पोलीस सांभाळायचे राज्यांनी, सूट जाहीर करायची दिल्लीने. आमच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहेत, तपासतातही नीट. पण रक्तदाबाच्या गोळ्या ‘बाहेरून घ्या’ म्हणून चिठ्ठी मिळते. या एका निर्णयाने गोळ्या संपल्या असं मी म्हणत नाही. पण सूट देताना राज्यांच्या आरोग्यखर्चाचं काय होईल, हे आधी मांडायला नको का?

लेथवाला:
अजिबात पटलं नाही. अधिभार धरून मोठ्या कंपनीवर जवळपास ३५ टक्के कर पडत होता. व्हिएतनाम, थायलंडमध्ये २०. कारखाना तिकडे गेला तर वाटा कशातला मागणार? आणि कंपनी कराची वसुली बघा: २०१८-१९ मध्ये ६.६३ लाख कोटी, २०२३-२४ मध्ये ९.११ लाख कोटी. राज्यांचं नुकसान कुठे झालं?

हिशेबनीस:
मधली वर्षं गाळलीत. २०१९-२० मध्येच वसुली ५.५७ लाख कोटींवर आली, आणि टाळेबंदी लागली ती त्या वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात. मंदी होती, मान्य. पण २०२३-२४ मध्ये वैयक्तिक प्राप्तिकर कंपनी कराच्या पुढे होता. भार पगारदारांकडे सरकला, हे तर दिसतंय ना?

रानवारा:
दिल्लीलाच का धरता? आपल्या महाराष्ट्राची उद्योगांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे. आता त्यात कारखान्यांना जीएसटीतल्या राज्याच्या हिश्श्याचा परतावा देतात, मागास तालुक्यांत जास्त. हा सरळ राज्याच्याच तिजोरीतला पैसा. माझा विरोध सवलतीला नाही, अट न पाळता ती मिळण्याला आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने २०१७ मध्ये फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीला सुमारे ३ अब्ज डॉलर देऊ केले, १३ हजार नोकऱ्यांच्या बोलीवर. तेवढ्या नोकऱ्या आल्या नाहीत. २०२१ मध्ये करार बदलून रक्कम ८ कोटी डॉलरवर आणली. नोकरी दाखवा, मग पैसे घ्या, असं लिहून ठेवलं होतं म्हणून राज्य वाचलं. पण रस्ते आणि जमिनीवर आधीच झालेला खर्च काही परत आला नाही.

लेथवाला:
अटींना माझीही हरकत नाही. फक्त मागास तालुक्यांतली सवलत काढाल तर सगळे कारखाने पुणे-ठाण्यातच थांबतील, आणि मागास तालुक्यांतल्या पोरांना गाव सोडावं लागेल. दवाखान्याइतकंच तेही महत्त्वाचं आहे.

भागीदार:
एक गोष्ट कोणीच बोललं नाही. आमचं वर्कशॉप भागीदारी फर्म आहे. आम्हाला २२ टक्क्यांचा दर नाही, आजही ३० टक्केच भरतो. शेजारची कंपनी तेच सुटे भाग बनवते आणि कमी कर देते. रोजगारासाठी सूट होती म्हणता, मग माणसं आम्हीही ठेवतोच की. लेथवाले, याचं उत्तर द्या.